दत्ताभाऊचे खारे बांगडे

दत्ताभाऊला ज्याने मारलं, ते माझ्याच बॅगेतून दुबईला आलं होतं.

खारे बांगडे. भाऊच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, गावच्या अंगणात वाळवलेले. आधी पेपर, मग प्लास्टिक, मग टेप, वर परत प्लास्टिक.

आज भाऊला जाऊन वर्ष झालं.

दुबईत मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पात आमच्या रूमवर आम्ही सहा जण. सगळे एसी मेंटेनन्सचे, सगळे रत्नागिरीकडचे. दत्ताभाऊ सगळ्यांत मोठा.

मेसची डाळ म्हणजे पिवळं पाणी. भाजी कसली ते विचारायचं नाही. म्हणून रूमचा नियम आहे, जो सुट्टीवर जाईल त्याने सगळ्यांच्या घरून आणायचं. लोणचं, पापड, सुकट, बांगडे. आम्ही त्यावरच जगतो, खोटं कशाला बोलू.

दोन वर्षांपूर्वी क्लिनिकमध्ये भाऊचं बीपी एवढं निघालं की सिस्टरने मशीन बदलून परत घेतलं.

"चाचा, नमक कम करो."

त्या दिवसापासून भाऊने वरून मीठ घेणं सोडलं. अगदी कडक. मेसमधली मिठाची डबी माझ्याकडे सरकवायचा. "मला चालत नाय बाबा."

आणि त्याच ताटात भाजलेला बांगडा, लोणच्याच्या दोन फोडी, पापड.

"भाऊ, हे मीठ नाही काय?"

"अरे येड्या, ही मच्छी हाय."

पुढच्या चेकअपला मी सोबत होतो. डॉक्टरने विचारलं, "चाचा, नमक ऊपर से लेते हो?"

"बिलकुल नाय साब." केवढ्या अभिमानाने म्हणाला.

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं.

खरं बोललो तर अनफिट लिहील आणि भाऊला घरी पाठवतील, ही भीती होती. शिवाय बांगडे आणणारा मीच.

गोळी वाढवली. ती तो डोकं दुखलं तरच घ्यायचा.

"आणि सुन्या, घरी बोलू नको हां. तुझी वहिनी काळजीने जेवायची नाय."

नाही बोललो. सुट्टीवर गेलो तेव्हा वहिनी पार्सल बांधत होत्या.

"ह्यांना तिकडचं जेवण जात नाही ना भावोजी. म्हणून यंदा जरा जास्त दिलेत. तब्येत बरी आहे ना त्यांची?"

"एकदम."

एवढंच बोललो मी. समोर बसून, त्यांच्या हातचा चहा पीत.

मी परत आल्यावर अकराव्या दिवशी, सकाळी बसच्या लाईनीत भाऊ डबा घेऊन उभा होता. तो खाली बसला. "सुन्या, डोकं लय दुखतंय रे." पुढे शब्द फुटले नाहीत.

डोक्यात रक्तस्राव. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलमधून फोन आला.

भाऊ गावी गेला, पेटीतून. फ्रीजमध्ये अर्धं पुडकं उरलं होतं. वहिनींच्या हातचं, फेकवेना. शेवटी आम्ही पाच जणांनी भाताबरोबर खाल्लं.

चांगलं लागलं. मला माझीच लाज वाटली, आणि मी आणखी एक बांगडा घेतला.

आता पाचातल्या तिघांना बीपी आहे. त्यात मी. क्लिनिकमध्ये विचारलं की मीही सांगतो, वरून मीठ घेत नाही.

शनिवारी सुट्टीवर चाललोय. रूमवाल्यांची यादी खिशात आहे. काल वहिनींचा फोन आला.

"भावोजी, थोडे बांगडे वाळवून ठेवलेत. इथे आता खायला कोण आहे? तुमच्या रूमच्या मंडळींना घेऊन जा. ह्यांना तेवढंच बरं वाटेल."

भाऊला बीपी होतं, खारं चालत नव्हतं, हे त्यांना अजून माहीत नाही. त्या फेसबुकवर नाहीत, म्हणून इथे लिहितोय.

मी म्हणालो, "येतो न्यायला."

दत्ताभाऊ, वर्षाच्या दिवशी तुला मनापासून हात जोडतो. यंदाही माझ्याच्याने त्यांना सांगवणार नाही.