माझ्या वाटची प्रार्थना

आष्ट्याच्या स्टँडवर मला पोचवायला आमच्या चर्चची अख्खी मंडळी आली होती, आणि तिच्यामुळंच माझी गाडी चुकली. मी मिरजेत शिकलेली नर्स, निघालेले इंग्लंडला. एसटी लागल्यावर आमचे पाळकसाहेब म्हणाले, एक लहानशी प्रार्थना करू. त्यांची लहानशी प्रार्थना आदाम-हव्वेपासून सुरू होते. पंचवीस माणसं डोळे मिटून उभी राहिली आणि आमेन म्हणून डोळे उघडले तर गाडी गेलेली! माझा नवरा विनय पोट धरून हसला. दुधाच्या टेंपोतून पेठनाक्यापर्यंत त्या गाडीमागं धावताना मी मनात म्हणत होते, सुटले बाई एकदाची या अडाणी गोतावळ्यातून.

इंग्लंडात आपल्या सांगली-साताऱ्याकडच्या ख्रिस्ती लोकांची फेलोशिप आहे. तुमच्यातले पुष्कळ जण तिथं आहात, तेव्हा वाचून खुशाल रागवा. महिन्यातून एका रविवारी हॉल बुक करायचा, बिर्याणी आणायची आणि साक्ष द्यायची. साक्ष काय, तर व्हिसा झाला, घर झालं, मुलगी चांगल्या शाळेत लागली, प्रभूची कृपा. प्रभूला बिचाऱ्याला यांनी एजंट करून टाकलाय. वर्षभर मीही तिथं गाणी म्हटली आणि तीच बिर्याणी खाल्ली, खोटं कशाला बोलू.

विनय मागून येणार होता. त्याचा व्हिसा आला त्याच आठवड्यात इस्लामपूरच्या रस्त्यावर त्याची मोटरसायकल उसाच्या ट्रॉलीखाली गेली. मी आले, त्याला माती दिली, घराला कुलूप लावलं आणि दहा दिवसांत परत ड्यूटीवर गेले. फेलोशिपच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांची चित्रं येऊन पडली होती. इंग्लंडातल्या माझ्या घरी कुणी आलं नाही. आमच्या गल्लीत पार्किंग मिळत नाही म्हणे.

दोन महिन्यांनी फेलोशिप चालवणाऱ्या रोहिणीताईंचा मेसेज आला की दुःखात प्रभूनं कसं सांभाळलं याची साक्ष दे, पाचच मिनिटं, लोकांना उभारी येईल. मी उभी राहिले आणि खरं ते सांगितलं. म्हटलं, "प्रभूनं मला सांभाळलं असं मला वाटत नाही. मला आता प्रार्थनाच होत नाही." सगळे ताटाकडं बघत बसले. पुढच्या महिन्यात गाणाऱ्यांच्या यादीत माझं नाव नव्हतं, आणि ग्रुपवर निरोप होता : विश्वासात डळमळलेल्या एका भगिनीसाठी प्रार्थना करा. अहो, त्या ग्रुपवर मीही होते, एवढीसुद्धा अक्कल नाही!

त्या दिवशी मी दादांना फोन लावला आणि प्रार्थना होत नाही ते सांगून टाकलं. दादा म्हणजे माझे वडील, चर्चची घंटा वाजवण्यात जन्म गेलेला माणूस. ते आता वचनं ऐकवणार म्हणून मी दात आवळून बसले होते. ते एवढंच म्हणाले, "नगं करू. तुज्या वाटची आमी करतो. जेवलीस का?"

यंदा रजेवर आष्ट्याला गेले. आमच्या मंडळीत दर गुरुवारी पाळीपाळीनं एकेकाच्या घरी प्रार्थना असते. तिथं कळलं की दोन वर्षांत माझ्या घराची पाळी त्यांनी एकदाही चुकवली नव्हती. कुलूप लावलेल्या दाराबाहेर, कट्ट्यावर चटई टाकून बसत होते. या वेळी दार उघडं होतं. गोल करून बसलो. एकेकानं दोन वाक्यं प्रार्थना करायची आणि सगळ्यांनी आमेन म्हणायचं. माझ्या शेजारच्या सुशीलामावशींचं झालं आणि पाळी माझ्यावर आली.

माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. मला वाटलं, आता मावशी कोपरानं ढोसणार, पाळकसाहेब तर संधी सोडणारच नाहीत. कुणी हललं नाही. आदाम-हव्वेपासून सुरुवात करणारा तो माणूससुद्धा गप्प बसला. बाहेर एक अख्खा ट्रॅक्टर गाणी वाजवत निघून गेला, तरी सगळे थांबून. मी रडले, तेही त्यांनी रडू दिलं.

मग दादा म्हणाले, "आमेन." सगळे म्हणाले, आमेन. आणि पाळी पुढच्या माणसाकडं गेली.

मी आज ख्रिस्ती आहे की नाही, मला सांगता येणार नाही. आष्ट्यात ते कुणी विचारलंही नाही. चहा झाल्यावर त्यांनी पुढच्या पाळ्या लिहून काढल्या, आणि माझ्या घराचं नाव होतं तिथंच ठेवलं.