बोअरचं गोड पाणी

बाबा रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. नागपूरहून बदली होऊन जयपूरला आलो आणि काही वर्षांनी त्यांनी शहराच्या टोकाला जगतपुऱ्यात घर बांधलं. तेव्हा तिकडे नळ नव्हते. अंगणात बोअर मारला. पाणी लागलं तेव्हा त्यांनी पहिला पेला आईला दिला.

"गोड आहे," आई म्हणाली. खरंच गोड होतं.

आजूबाजूला घरं, मग फ्लॅट उभे राहिले, तसं पाणी खाली गेलं. दर काही उन्हाळ्यांनंतर बोअर आणखी खोल करावा लागे. पाणी येतंय म्हटल्यावर पुढचा विचार कुणी केला नाही.

धाकट्या बहिणीचे दुधाचे दात पडले आणि नवे आले ते पिवळट, तपकिरी रेघांचे. आई मीठ लावून घासायला लावायची. शाळेच्या फोटोत बहीण तोंड मिटून उभी असायची. चॉकलेटं खाते म्हणून, असं आम्ही धरून चाललो.

बाबांची आधी मान आखडली. आईने उशी बदलली. मग पाठ धरली. रविवारी घरी बुद्धवंदना व्हायची. पूर्वी मांडी घालून ताठ बसणारे बाबा भिंतीला टेकायला लागले, पुढे खुर्चीवर बसायला लागले. "वय झालं आता," म्हणायचे. साठीही आली नव्हती. हळूहळू पाठीला बाक आला आणि तो तसाच राहिला. समोरच्या माणसाचा चेहरा बघायला त्यांना दोन पावलं मागे सरकावं लागे.

शेवटी एका डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला.

"बाबूजी, घर में पानी कौनसा पीते हो?"

"अपना ही है जी, बोअर का. बहुत मीठा है," बाबा कौतुकाने म्हणाले.

खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराइड असणार, डॉक्टर म्हणाले. ते दातांत, हाडांत, सांध्यांत साठत जातं. पाणी आजच बदला, पण झालेलं भरून येणार नाही.

ऑटोत बाबा एवढंच बोलले, "वास नाही, रंग नाही. कसं कळणार होतं?"

घरी आल्यावर आईला सांगितलं. तिने मोटर बंद केली आणि भरलेल्या माठाशेजारी बसून राहिली. "मग इतकी वर्षं मी तुम्हा सगळ्यांना काय पाजत होते?" ती म्हणाली.

त्यानंतर आम्ही पिण्याचं पाणी विकत आणू लागलो. पुढे नळही आला. बाबांच्या पाठीला त्याचा उपयोग नव्हता.

मागच्या हिवाळ्यात ते गेले. तिरडीवर त्यांना सरळ निजवता येईना. शेजाऱ्यांनी दोन गोधड्यांच्या घड्या करून खांद्यांखाली दिल्या. आईला त्यांच्या पायांवर डोकं ठेवायचं होतं, पण तिचे गुडघे केव्हाच वळेनासे झाले होते. तिला धरून आम्ही थोडं पुढे केलं. तिचा हात कसाबसा त्यांच्या पावलांपर्यंत पोचला.