खडी केंद्राजवळची मोकळी जागा

खडी केंद्राशेजारच्या रिकाम्या जागेत काल तीन दगडांची एक चूल तेवढी उरलेली दिसली. तिच्यावर धुळीचा पांढरा थर बसला होता.

मी मुलांचे डॉक्टर होऊ पाहणाऱ्यांना शिकवतो. नुसतं औषध लिहून थांबू नका, मूल राहतं कुठे ते बघा, त्याच्यासाठी भांडा, असं दरवर्षी सांगतो. त्यांच्यातल्या मानसीने ते मनावर घेतलं. चार वर्षांची राणी खोकल्याने तिसऱ्यांदा वॉर्डात आली, तेव्हा मानसी तिची झोपडी बघून आली. खडी फोडणाऱ्या यंत्राची धूळ थेट ताटात पडत होती. यंत्रावर पाणी मारायला लावा, असा अर्ज तिने सरकारी कचेरीत दिला. तो मीच तपासला होता.

पंधरा दिवसांत केंद्राच्या मालकाने झोपड्याच उठवल्या. यंत्र सुरूच राहिलं. ज्याच्या धुळीने मूल खोकतं, त्याच्याच हातात त्या मुलाच्या आईबापाची भाकरी असते, हे मी कधी शिकवलं नव्हतं.

काल आम्ही दोघं तिथे गेलो. पाणी भरणारी एक बाई म्हणाली, "तुमच्या कागदापायी उठून गेली बिचारी सगळी. कामबी गेलं."

"राणीच्या घरची कुठे गेली?" मानसीने विचारलं.

"काय सांगावं? दुसऱ्या खडीवर काम धरलं असंल."

परतताना मानसी म्हणाली, "सर, अर्ज दिलाच नसता तर?"

"तर राणी पुन्हा खोकत आपल्याकडे आली असती."

"निदान आली असती," ती म्हणाली.