साहेबाला प्यादमात

दिगंबर मास्तर सापाला भीत नसत, भुताला भीत नसत, आणि तापीला पूर आला की राजघाटावर सगळ्यांच्या पुढे जाऊन उभे राहत. त्यांना भीती वाटायची ती फक्त सरकारी शिक्क्याची. शाळेच्या फाटकाशी पोस्टमन लांब लिफाफा घेऊन दिसला की ह्या माणसाचा चेहरा पांढराफटक पडायचा. मी शेजारच्या वर्गावर होतो, मध्ये नुसती बांबूच्या चटईची तट्टी. पाढे म्हणवून घेता घेता त्यांचा आवाज बसला, की मी इकडून ओळखायचो, टपाल आलं.

छप्पन सालच्या नोव्हेंबरात तर घाबरण्याचा हंगामच आला. तोवर आमची राजधानी नागपूर. ते गेलं मुंबई राज्यात, आणि आम्ही बुऱ्हाणपूरचे मराठी लोक राहिलो मध्य प्रदेशात. तोही जुना नव्हे, नवा. राजधानी भोपाळ, आणि वरचे साहेब कुणी ग्वाल्हेरचे, कुणी रीव्याचे. कुणी म्हणे मराठी शाळा बंद होणार, कुणी म्हणे हिंदीच्या परीक्षेत नापास होईल तो घरी बसणार. सगळ्यात पक्की बातमी होती ती ही, की मराठी मास्तरांना उचलून झाबुआकडे टाकणार. झाबुआ आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नव्हतं, म्हणून तर ते जास्तच भयंकर होतं.

बदलीची भीती सगळ्यांनाच होती. पण मास्तरांना ती का होती, हे सांगायला हवं. त्यांच्या घरात बायको मालती आणि आई गोदाबाई, एवढीच माणसं. गोदाबाईंचे दोन्ही डोळे गेलेले. पण राजघाटाजवळच्या त्या दोन भाड्याच्या खोल्यांत आणि तिथून घाटापर्यंतच्या गल्लीत तुम्हाला ते कळलंही नसतं. म्हातारी सकाळी एकटी तापीवर जायची, आंघोळ करून भरली कळशी घेऊन पायऱ्या चढायची, वाटेत कुणाची म्हैस आडवी बसली असेल तर तिला शिव्या घालून उठवायची. एकदा तिला फोपनारला नात्यातल्या लग्नाला नेलं. तिथल्या अनोळखी अंगणात उतरली आणि भिंत धरून उभी राहिली, ती हलेचना. लेकरासारखी रडायला लागली. दुसऱ्या दिवशी गाडी जुंपून परत आणावी लागली. तेव्हापासून मास्तर म्हणायचे, "विनायकराव, माझी आई बुऱ्हाणपुरात आंधळी नाही. बाहेर नेली की आंधळी होते."

ह्या भित्र्या माणसाच्या अंगी एक गुण मात्र होता. बुद्धिबळात अख्ख्या गावात त्यांच्या तोडीचा कुणी नव्हता. संध्याकाळी घाटावरच्या देवळाच्या ओट्यावर आमचा अड्डा जमे, कापडाचा पट, लाकडी मोहरी. डाव आपला देशी. प्यादं एकेक घर चालायचं, राजाला एकदाच घोड्याची उडी, आणि प्यादं पलीकडच्या ज्या घरात पोचेल त्या घरचंच मोहरं व्हायचं. ह्या डावात सगळ्यात मोठा मान प्यादमातीचा. वजिराने कुणीही मारील, पण साध्या प्याद्याने राजाला मारणं म्हणजे समोरच्याचं नाक कापणं. प्यादमात खाल्ली त्याने सगळ्या ओट्याला मावा जिलेबी चारायची आणि पुढच्या एकादशीपर्यंत पटाला हात लावायचा नाही, असा रिवाज. आणि वडीलधाऱ्याला, गुरूला, जावयाला प्यादमात कधी द्यायची नाही. हाताशी असली तरी दुसरी मात शोधायची, नाही तर डाव सोडून द्यायचा.

तर नवे दिपोटी साहेब आले. शाळा तपासणाऱ्या साहेबाला आम्ही दिपोटीच म्हणायचो. हे बघेल साहेब रीव्याचे, उंच, मिशीवाले, बोलणं कमी. एका संध्याकाळी घाटावर फिरायला आले, ओट्याशी थांबले आणि विचारलं, "यहाँ सबसे अच्छा कौन खेलता है?" आमच्या लोकांच्या जिभेला हाड नाही. सगळ्यांनी एकदम मास्तरांकडे बोट दाखवलं. साहेब म्हणाले, "कल से बँगले पर आइए."

मास्तरांना रात्रभर झोप लागली नाही, असं मालतीवहिनी सांगत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला धरलं. "तुम्ही सोबत चला. मी जिंकलो तर साहेब चिडतील, हरलो तर म्हणतील हा बिनकामाचा." मी म्हटलं, "मग बरोबरीत सोडवा." तर ते खरंच त्यावर विचार करायला लागले.

पहिल्याच डावात गंमत झाली. साहेबांनी एका चालीत दोन मोहरी हलवली. राजा दोन घरं सरकवला आणि हत्ती त्याच्यावरून उडवून पलीकडे ठेवला. मास्तरांनी पटाकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, आणि मान खाली घातली. थोड्या वेळाने साहेबांचं जागेवर बसलेलं प्यादं उठलं आणि मास्तरांचं प्यादं ज्या घरावर टपलं होतं, ते घर ओलांडून पलीकडे जाऊन बसलं. एका चालीत प्यादं दोन घरं! घरी जाताना मास्तर मला म्हणाले, "साहेब आहेत. त्यांना दोन चाली असतील."

"अहो, असं कसं असेल?"

"राज्य बदललं, तर हे नाही का बदलणार?"

मला राग आला. मी दुसऱ्या दिवशी साहेबांनाच सरळ विचारलं. ते हसले नाहीत की रागावले नाहीत. म्हणाले, ही विलायती चाल. आता सगळीकडे असंच खेळतात, राज्याच्या स्पर्धाही अशाच होणार, जुना डाव विसरा. पहिल्या चालीला प्यादं दोन घरं जातं. राजा हत्तीच्या आड जाऊन बसतो, तो किल्लेकोट. पार गेलेल्या प्याद्याचा वजीरच करा, घर बघू नका. मास्तर प्रत्येक वाक्याला "जी, जी" करत होते.

बुद्धीला कळलेलं डोळ्याला कळत नाही, ही खरी पंचाईत. मास्तरांचे डोळे बालपणापासून जुन्या डावाला सरावलेले. जागेवर बसलेलं प्यादं दिसलं की त्यांना त्याच्या पुढचं एकच घर दिसायचं, दुसरं दिसायचंच नाही. म्हणून ते रोज फसत आणि रोज हरत. काही डाव मुद्दाम हरत, ते वेगळंच. शेवटी साहेब एकदा कडाडले, "मास्टरजी, दिल लगाकर खेलिए. हारने वाले तो मेरे दफ़्तर में बहुत हैं!" झालं, आता हरायचीही भीती. मास्तर घरी मालतीवहिनींना समोर बसवून डाळीच्या दाण्यांवर दोन घरांची चाल घटवू लागले. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, हे झोपेत 'दोन घर, दोन घर' करतात. जागा बदलायची का आपल्याला?"

मग तो दिवस आला. बंगल्याच्या व्हरांड्यात डाव रंगला होता, दफ्तरातले चार-पाच कारकून बघायला उभे होते. साहेबांनी जोर करता करता स्वतःचा राजाच उघडा पाडला. तो पटाच्या मध्यावर एकटा, चहूकडून मास्तरांची मोहरी. माझ्यासारख्यालाही कळत होतं की मात जवळ आहे. मास्तरांनाही कळत होतं, म्हणून तर त्यांना घाम फुटला होता. चार लोकांदेखत साहेबाला मात! त्यांनी ठरवलं, एक चाल फुकट घालवावी, साहेबांचा राजा निसटून जाईल. त्यासाठी आपल्या बाजूचं, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेलं एक बसकं प्यादं निवडलं. आणि साहेबांना वाटावं, आपण त्यांची विद्या घेतली आहे, म्हणून ते मुद्दाम दोन घरं पुढे टाकलं.

प्यादं नेमकं साहेबांच्या राजाच्या तिरकस समोर जाऊन बसलं. शह! राजाला हलायला एक घर नाही. प्यादमात.

मास्तरांना सगळ्यात शेवटी दिसलं. त्यांचा हात प्याद्यापाशीच राहिला होता, जणू परत घेता आलं तर बघावं. साहेबांनी पटावर एकदा नजर फिरवली, उठले आणि तसेच आत गेले.

त्यानंतर बंगल्यावरून बोलावणं आलं नाही. मास्तरांची अवस्था बघवत नव्हती. जेवण सुटलं. "मी माझ्या हाताने आईला झाबुआला नेऊन टाकलं, विनायकराव," म्हणून वर्गात फळ्याकडे तोंड करून डोळे पुसायचे. मी समजावलं, त्या रीव्याच्या माणसाला प्यादमातीचं महत्त्व काय माहीत? ते म्हणाले, "कारकून आपल्या गावचे आहेत. त्यांनी सांगितलं असेल." हेही खोटं नव्हतं.

शेवटी त्यांनी एक उपाय काढला. जिलेबी हरलेल्याने आणायची ना? मग आपणच आणावी, म्हणजे मात आपण खाल्ली असा अर्थ होईल, साहेबांचा मान राहील. बाजारातून गरम मावा जिलेबीचा पुडा घेतला आणि मला ओढत बंगल्यावर नेलं. साहेब आरामखुर्चीत होते. मास्तरांनी पुडा समोर धरला. साहेबांनी एकदा पुड्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि मग इतके मोठ्याने हसले की आतून चपराशी धावत आला. "वाह मास्टरजी! पहले मारा, फिर मुँह मीठा कराने आए हैं!" आणि एक जिलेबी उचलून खाल्ली. मास्तरांनी बाहेर येऊन माझा हात घट्ट धरला. "खाल्ली ना? तुम्ही पाहिलंत ना, खाल्ली?" त्या संध्याकाळी ते पोटभर जेवले.

रोजचा डाव पुन्हा सुरू झाला. पुढे उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर बातमी आली, साहेबांना बढती मिळाली, आणि बदली झाली ती झाबुआला. मास्तर त्या दिवशी चक्क गुणगुणत होते. मला म्हणाले, "झाबुआची जागा भरली म्हणायची!" त्यांना वाटलं, त्या गावाला एकच माणूस लागतो.

निरोपसमारंभ आमच्याच शाळेत होता. हार झाले, भाषणं झाली. साहेब बोलायला उभे राहिले. म्हणाले, "इस इलाके में मुझे सब डरे हुए लोग मिले. जो मैं कहूँ, वही सही. बस एक आदमी निडर मिला. मैंने किल्लेकोट किया, इन्होंने टोका नहीं. चुपचाप देखा, चुपचाप सीखा, और फिर चार लोगों के सामने अपने अफ़सर को प्यादे से मारा! ऊपर से मिठाई लेकर घर आए!" लोक टाळ्या वाजवत होते. "झाबुआ में नई शालाएँ खोलनी हैं. मुझे वहाँ ऐसा ही आदमी चाहिए. मैंने ऊपर कहकर इनका नाम माँग लिया है. ऑर्डर कल निकलेगा. क्यों मास्टरजी, कोई अड़चन तो नहीं? हो तो अभी बोल दीजिए, मैं रुकवा दूँगा."

मास्तर उभे राहिले. मी खालून त्यांचं धोतर ओढलं. दबक्या आवाजात म्हटलं, "सांगा! आईचं सांगा! माणूस विचारतोय!" साहेब खरंच थांबले होते, वाट बघत होते, चेहऱ्यावर माया होती. सबंध सभा ह्या निडर माणसाकडे बघत होती. मास्तरांनी हात जोडले.

"जी नहीं, साहब. कोई अड़चन नहीं."

घरापर्यंत मी त्यांना वाटेल ते बोललो. ते ऐकून घेत चालत होते. दारात गोदाबाई बसल्या होत्या, मांडीवर कापूस, वाती वळणं चाललं होतं. पावलांवरून त्यांनी आम्हाला ओळखलं.

"आला का रे? काय म्हने साहेब?"

मास्तर चप्पल काढत तिथेच थांबले. "मले झाबुआले नेतो म्हने."

म्हातारीचा हात थांबला. "काऊन पन?"

"म्हने, तू कोनाले भेत नाही."

गोदाबाई हसल्या. खरंच हसल्या, दात नसलेल्या तोंडाने, खदखदून. मग हसू मावळलं. त्यांनी चाचपत मास्तरांचा पाय शोधला आणि घोट्याशी धरून ठेवला.

"मंग तू त्याले सांगितलं नाही का, माय आंधळी आहे म्हनून?"

"नाही."

"त्यानं विचारलं नाही?"

"विचारलं."

"मंग?"

"भेव वाटलं, माय."

त्यांनी पाय सोडला नाही. आत मालतीवहिनींनी सगळं ऐकलं होतं. मी निघालो तेव्हा त्यांनी फळीवरची पेटी खाली काढली होती आणि एकट्या मास्तरांचेच कपडे तिच्यात भरत होत्या.