यंत्रांना नावं ठेवणाऱ्या आत्याबाई

आमच्या आत्याबाई यंत्रांना नावं ठेवायच्या. अगदी बारशाला ठेवतात तशी. ऐंशीच्या दशकात धरमपेठेतल्या आमच्या संगणक केंद्रात त्या अभियंता होत्या. बारशाचा मान आत्याचा, म्हणून सगळे त्यांना आत्याबाईच म्हणत. त्यांनाही ते आवडे.

आमच्या संगणकाला कपाटाएवढ्या तीन डिस्का होत्या. वीज जाऊन आली की जी आधी फिरू लागेल तिला तो एक नंबर द्यायचा, मग दोन, मग तीन. काल एक असलेली डिस्क आज दोन व्हायची. "रांगेत कुठं उभा हाये त्यावरून माणूस ओळखता येते का?" असं आत्याबाई विचारायच्या. केंद्राच्या साहेबांना हे सगळे यंत्राचे नसते लाड वाटायचे.

एका मे महिन्यात भर दुपारी वीज गेली. ती आल्यावर साहेबांनी ऑपरेटर वानखेडेला दोन नंबरची डिस्क कोरी करायला सांगितलं. तिच्यावर एरवी कामाचं काही नसायचं. वानखेडेनं हुकूम टाइप केला, तेवढ्यात आत्याबाई आत आल्या.

"थांब गा वानखेडे! बटन दाबू नको. आधी तिले विचार, तू कोण हायेस."

त्यांनी डिस्कवरची पहिली ओळ पडद्यावर आणली. काटोलच्या विहिरीची पाणीपातळी! माणसांनी गावोगाव हिंडून जमवलेल्या, कित्येक वर्षांच्या नोंदी. टेपवर नक्कल अजून व्हायचीच होती. वानखेडेनं दोन्ही हात मांडीवर घेतले.

त्याच आठवड्यात आत्याबाईंनी प्रत्येक डिस्कच्या सुरुवातीला तिचं नाव कोरलं : वैनगंगा, कन्हान, वर्धा, आमच्याकडच्या नद्यांची. विहिरींच्या नोंदी होत्या ती कन्हान. सुरू होताना संगणक आधी नाव वाचायचा, आणि आम्ही नंबराऐवजी नावानंच हुकूम द्यायचो. साहेबांना खात्री वाटेना.

"तुमीच वायरी बदलून पाहा ना, साहेब."

साहेबांनी स्वतः वायरींची अदलाबदल करून संगणक पुन्हा सुरू केला. विहिरी कन्हानवरच सापडल्या.

"काहून हसून राहिल्या?" साहेबांनी विचारलं.

"खुश होऊन राहिली, साहेब."

पुढं त्यांना बंगलोरला मोठं काम मिळालं. निरोपाच्या दिवशी मी म्हणालो, "काही अडलं तर फोन करीन."

"काहून गा? माझ्याबिगर चालत नसन, तर माझं काम कच्चं समज."

त्या गेल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात वीज गेली आणि आली. डिस्का भलत्याच क्रमानं फिरू लागल्या. मी सोडून कोणाच्या ते लक्षातही आलं नाही. वानखेडेनं पान थुंकलं, खुर्ची ओढली आणि जिथं थांबला होता तिथून पुढचे आकडे भरायला घेतले.