पाहुण्यांसाठी उपसलेली विहीर

हैदराबादच्या नामपल्ली स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याने माझ्या हातातली बर्फाची पेटी बघितली आणि विचारलं, "आइस्क्रीम है क्या, अम्मा?" पेटीत पाण्याचे नमुने घ्यायच्या रिकाम्या बाटल्या होत्या. तसं सांगितल्यावर त्याचा उत्साह मावळला आणि कोठी भागात पोचेपर्यंत त्याने पेटीकडे पुन्हा बघितलं नाही.

कोठीला माझी मावसबहीण सुलूताई राहते. तिचं सासर जुनं हैदराबादी. आजेसासऱ्यांपासून सगळे वकिलीत. घरात मराठीच बोलतात, पण ती मराठी आपल्याला एकदा ऐकून कळत नाही. "उषे, चाय पी की अगोदर, नहाणं नंतर करशील," असं म्हणत तिने माझ्यापुढे खिचडी आणि खट्टा (चिंच आणि तिळाचं आंबट सार) ठेवला. सकाळी आठ वाजता खिचडी खायची मला सवय नव्हती. दुसऱ्या दिवशी मीच मागून घेतली.

मी सोलापूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची, देशाची दारं तेव्हा परदेशी मालाला नुकतीच उघडली होती. कोठीतल्या दुकानांवर परदेशी शीतपेयांच्या नव्याकोऱ्या पाट्या लागल्या होत्या आणि त्याच दारांतून पर्यावरणासाठी परदेशी मदतही येऊ लागली होती. आपलं सरकार आणि हॉलंडचं सरकार यांच्यात एक करार झाला होता. शहराबाहेरच्या कारखान्यांमुळे ज्या गावांच्या विहिरी नासल्या, त्यांना नळाने पाणी द्यायचं. अट एकच होती. दोन्ही देशांच्या माणसांनी जागेवर जाऊन पाणी तपासायचं, आणि ते नासलेलं निघालं तरच गाव योजनेत घ्यायचं. त्यांच्याकडून मारिका नावाची इंजिनियर आली होती. आपल्याकडून मला पाठवलं, कारण मला पाणी तपासता येतं, इथली दखनी उर्दू समजते आणि बहुधा सुट्टीत दुसरं कुणी रिकामं नव्हतं.

मारिका उंच, उन्हाने लाल झालेली आणि कामाला वाघ बाई होती. जीपमध्ये बसल्या बसल्या तिने मला करारातली कलमं समजावून सांगितली. मी हो हो म्हणत बाहेर बघत होते. शहर मागे पडलं, मग गोदामं लागली, मग नाकाला झोंबणारा वास सुरू झाला. रस्त्याकडेच्या नाल्यातलं पाणी गंजाच्या रंगाचं होतं आणि त्याच्या काठाला गवताची काडी नव्हती. या नाल्याच्या खालच्या अंगाला आमचं पहिलं गाव होतं.

गावाच्या तोंडाशी आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. वाटेवर सडा, रांगोळी. नागोराव पाटील फेटा बांधून सामोरे आले. हे निजामाच्या वेळेपासून इथे शेती करणारं मराठी घर. बाकी गाव तेलुगू बोलणारं. विहिरीला ताजा चुना फासला होता, कठड्यावर हळदकुंकवाची बोटं उमटली होती. मारिकाने बादली सोडली. पाणी काचेसारखं स्वच्छ आलं. तिने त्यात यंत्राची कांडी बुडवली, आकडा बघितला, पुन्हा बुडवली. मग माझ्याकडे बघून खांदे उडवले. या पाण्यात काहीच वाईट नव्हतं. भोवती उभी असलेली माणसं आनंदाने बघत होती.

मला काही कळेना. वरचा नाला डोळ्यांनी बघून आलेली मी, आणि इथे हे असं पाणी. नागोरावांनी हौसेने मलाही तांब्या भरून दिला. मी प्याले. पाणी गोड होतं आणि त्याला शहरातल्या नळाच्या पाण्याला येतो तो क्लोरीनचा वास होता. हा वास ओळखायला रसायनशास्त्र लागत नाही. मी त्यांना बाजूला घेऊन सरळ विचारलं.

त्यांनी लपवलं नाही. उलट छाती पुढे काढून सांगितलं. गावाने दोन इंजिनं लावून विहीर उपसली होती, गाळ काढला होता, चुना मारला होता, आणि आदल्या संध्याकाळी शहरातून टँकर आणवून तळाला चांगलं पाणी ओतलं होतं.

"पाहुणे यायलेत म्हणून इहीर साफ केलो, बाई. घाण ठेवणाऱ्या गावाला कोण पाणी देतंय?"

मला हसू आलं. त्यांचं कुठे चुकलं? कलेक्टर यायचा म्हटलं की आपण शाळा रंगवतो, मंत्री यायचा म्हटलं की रस्ता डांबरतो. आपलं दुःख अर्जात लिहून झालं, आता साहेब माणसं बघायला येणार, अशी त्यांची समजूत. आणि इकडे मारिका बाटलीवर गावाचं नाव लिहीत होती. ती बाटली पेटीत गेली की गाव योजनेतून बाहेर. मी नागोरावांना तसं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला, पण ते म्हणाले, मडमेला काही सांगू नका. आम्ही फसवलं असं तिला वाटेल. पाणी नाही मिळालं तरी चालेल, गावाचं नाव खराब नको.

त्यांची बायको शांताबाई दारात उभी राहून हे सगळं ऐकत होती. ती आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात ताट होतं, ताटात पाहुण्यांसाठी ठेवलेला काचेचा पेला, आणि पेल्यात पिवळसर पाणी, वर तेलाचा तवंग. विहीर उपसायच्या आधी भांडी घासायला भरून ठेवलेलं पाणी होतं ते. तिने ताट मारिकासमोर धरलं.

"रोजचं नीळ्ळू (पाणी) हे हाय, बाई. सांगा तिला."

नागोराव मान खाली घालून उभे राहिले. मारिकाने पेला नाकाशी नेला आणि झटकन दूर धरला. मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं, ती चिडणार. ती कठड्यावर बसली आणि कराराचे कागद चाळू लागली. भांड्यातलं पाणी नमुना म्हणून चालत नाही, नियम म्हणजे नियम, असं म्हणाली. मग टँकरच्या पाण्याची ती बाटली रिकामी करून म्हणाली, विहीर परत झऱ्यांच्या पाण्याने भरली की आपण पुन्हा येऊ. पुन्हा येऊ नये असं करारात कुठे लिहिलंय? मला ती बाई त्या क्षणापासून आवडली.

मधल्या दिवसांत आम्ही बाकीची गावं केली. एकदा जीपचा पट्टा तुटला, एकदा मारिकाने साधं भजं समजून अख्खी मिरची खाल्ली. माझं काम संपत आलं तेव्हा आम्ही परत त्या गावी गेलो.

या खेपेला तोरण नव्हतं, सडा नव्हता. विहिरीपासून दहा पावलांवर वास येत होता. बाटल्या भरल्या, यंत्राचा आकडा मारिकाने मला दाखवला, पाणी नासलेलंच होतं. पाणी शांताबाईनेच शेंदून दिलं. नागोराव शेतावर गेलेत म्हणाली. ते शेतावर नव्हते, घराच्या मागच्या भिंतीला पाठ टेकून बसले होते. मला दिसले, मी हाक मारली नाही. जीप सुरू झाली तेव्हा मात्र ते भराभरा चालत आले. फेटा नव्हता. पाहुण्यांना पाणी न पाजता पाठवायला लावलंत, एवढंच म्हणाले, आणि मारिकाला नमस्कार केला.

शेवटच्या बैठकीत गाव योजनेत घेतलं गेलं. सुलूताईने बेगम बाजारातून आणलेली चिंच आणि तीळ माझ्या पिशवीत कोंबले आणि मी परतीच्या गाडीत बसले. दोन सरकारांनी मोठ्या सभागृहात बसून केलेला तो करार चांगलाच होता, अजूनही मी तसंच म्हणते. पण त्यासाठी कुणाला आपल्या घरातली घाण परक्यांपुढे काढून ठेवावी लागेल, हे सभागृहात कुणाच्या मनातही आलं नसेल. शांताबाईने ती काढून ठेवली. नागोरावांना ते बघवलं नाही. गावात नळ आला असेल, तर पहिला पेला भरताना त्या दोघांपैकी कोण आधी हसलं असेल, ते मला अजून जाणून घ्यायचं आहे.