रस्त्याच्या पलीकडची शाळा

कोलंबसमधलं घर वांडा कोवाचने नीट पाहिलंच नाही. तिने शाळा पाहिली. यंग्जटाउनच्या इस्पितळातलं धुलाईचं काम सुटलं आणि कोलंबसच्या इस्पितळात तेच मिळालं, तेव्हा सामान बांधण्याआधी ती दर शनिवारी गाडी काढून इकडे यायची आणि शाळांभोवती फिरायची. कारण तिची जोसी नऊ वर्षांची होती, तिसरीत होती आणि तिला वाचता येत नव्हतं. जुन्या शाळेने तिला ‘गोड मुलगी आहे’ असा शेरा देऊन दरवर्षी वर ढकललं होतं. गोड तर गुळाची ढेपही असते, म्हणून तिला कुणी पुढच्या वर्गात बसवत नाही.

हेझल्टन शाळेत वाचनात मागे पडलेल्या मुलांसाठी वेगळ्या बाई होत्या, मिसेस प्रॅट. एका वेळी दोनच मुलं घेऊन बसायच्या आणि कुणी अडखळलं तर घड्याळाकडे बघायच्या नाहीत. हे ऐकून वांडाने शाळेच्या बरोबर समोरचं घर भाड्याने घेतलं. छप्पर गळत होतं आणि स्वयंपाकघराच्या फरशीखाली काहीतरी राहत होतं. वांडा खूश होती.

आमच्या ओहायोत शाळा अंतरावर ठरत नाही, नकाशावरच्या हद्दीच्या रेघेवर ठरते, हे शेंबडं पोरही जाणतं. वांडाही जाणत होती. पण नाकासमोरच्या शाळेत आणि आपल्यात रेघ असेल, असं शहाण्या माणसाच्या मनात येत नाही.

“रेघ रस्त्याच्या मधून जाते,” शाळेतली कारकून बाई म्हणाली. “तुमची बाजू ब्रूअर शाळेची.”

“अहो, तुमच्या खिडकीतून माझे पडदे दिसतात!”

“दिसतात ना. छान आहेत.”

ब्रूअर शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. तिथे वाचनाच्या बाई नव्हत्या, एक संगणक होता. मग वांडाने चार्टर शाळा गाठली. ती सरकारी पैशावर चालते आणि रेघ मानत नाही, पण चिठ्ठी मानते. जागा थोड्या, मुलं फार, म्हणून व्यायामशाळेत सगळ्यांसमोर बिंगोच्या सोडतीचा पिंजरा फिरवून आकड्यांचे चेंडू काढतात. वांडा चर्चमध्ये वर्षानुवर्षं बिंगो खेळलेली. आजवर डुकराची एक मांडी जिंकली होती, तीही वास मारणारी. जोसीचा चेंडू पिंजऱ्यातच राहिला. शेजारी बसलेल्या आया रडल्या. वांडा गाडीत जाऊन रडली.

शाळेला लागून, म्हणजे रेघेच्या योग्य बाजूला, डेल्बर्ट ओक्स राहायचे. आयुष्यभर नळ दुरुस्त केलेले, बायको गेलेली, स्वभाव गंजलेला. कचऱ्याचा डबा भलत्याच दिवशी बाहेर ठेवल्याबद्दल ते वांडाला बोलायला आले आणि सगळी हकिकत ऐकून बसले.

“माझा पत्ता लिही,” ते म्हणाले.

“खोटं सांगू, मिस्टर ओक्स?”

“पोरगी सकाळी माझ्या दारातून निघेल, माझी लापशी खाऊन. अर्धं तरी खरं होईल. उरलेलं अर्धं तू बघ.”

“आणि पकडलं तर?”

“तर पकडलं. तुझी पोर तशीही कुठे वाचतेय?”

हे वांडाला लागलं, पण खोडून काढता येईना. शाळा सुरू झाल्यावर रोज उजाडायच्या आत मायलेकी रस्ता ओलांडायच्या आणि डेल्बर्टच्या मागच्या दाराने आत जायच्या. जोसी गाठी झालेली लापशी गिळायची आणि पुढच्या दाराने ऐटीत शाळेत जायची. बर्फ पडलं की पावलं दिसू नयेत म्हणून वांडा मागे मागे झाडू मारत यायची. “कुणी विचारलं तर मी मिस्टर ओक्सकडे राहते म्हणायचं,” हे तिने जोसीला पढवलं होतं. मिसेस प्रॅटकडे काय चाललंय, ते मात्र तिने कधी विचारलं नाही. वर्षानुवर्षं तिने तो प्रश्न विचारला होता आणि उत्तर ऐकून ऐकून तिचा जीव घाबरा झाला होता.

वसंतात मुलांचे पत्ते तपासणारा शाळेचा माणूस आला. दोन दिवस गाडीत कॉफी पीत बसला आणि तिसऱ्या दिवशी डेल्बर्टची घंटा वाजवली. जोसी लापशी खात होती.

“बाळ, तू झोपतेस कुठे?”

जोसीने चमच्याने रस्त्यापलीकडे दाखवलं. “तिथे. इथे मी फक्त खाते.”

“ऐकलंत?” डेल्बर्ट म्हणाले. “माझी खानावळ आहे.”

त्या माणसाने हसल्यासारखं केलं आणि वहीत लिहून घेतलं.

पुढच्या आठवड्यात तिघांना शाळेच्या कचेरीत बोलावलं. टेबलामागच्या साहेबांनी एक कागद वांडासमोर सरकवला. “सही करा. वाचायची गरज नाही, नेहमीचाच मजकूर आहे.”

वांडाने पेन उचललं. अक्षरं डोळ्यांपुढे पोहायला लागली. तेवढ्यात जोसीने कागद स्वतःकडे ओढला, त्यावर बोट ठेवलं आणि मोठ्याने सुरुवात केली.

“‘सदर विद्यार्थिनीचे... वास... वास्त... वास्तव्य हद्दीबाहेर असल्याचे आढळल्याने, तिचा हेझल्टन शाळेतील प्रवेश रद्द करण्यात येत आहे.’”

मग तारीख वाचली, साहेबांचं नाव वाचलं, नावाखालचा हुद्दाही वाचला. एकदाच अडखळली होती, आणि तेव्हाही तिने आईकडे पाहिलं नव्हतं. डेल्बर्टनी डोक्यावरची टोपी काढली.

वांडाला इतका आनंद झाला की तिला स्वतःचीच लाज वाटली.

“समजलं ना, मिसेस कोवाच?” साहेबांनी विचारलं. “करा सही.”

“थांबा हो जरा,” वांडा म्हणाली. “जोसी, पुन्हा वाच.”

“आई, यात मला काढून टाकलंय.”

“कळलं गं मला. पहिल्यापासून वाच.”